झाकणावरची बाई

काळ्या किटलीवरचं झाकण जागेवर नव्हतं.

दाढीचा मऊ ब्रश हातात धरून मी काचेच्या कपाटासमोर उभा होतो. दर रविवारी सकाळी हेच काम असायचं. कपाट उघडायचं, एकेक किटली खाली घ्यायची, कोरड्या ब्रशनं धूळ झटकायची आणि तोटी उजवीकडे करून होती तशी परत ठेवायची. पाणी नाही, साबण नाही, फडकंसुद्धा नाही. पांढरी झाली, तांबडी झाली, निळी झाली आणि काळीपाशी आलो तर तिचं तोंड उघडं. आधी वाटलं, मागच्या खेपेला आपणच कुठं बाजूला ठेवलं असेल. मग खालची फळी पाहिली, कपाटामागं हात घालून पाहिलं, जमिनीवर ओणवा होऊन गालिच्याखालीही पाहिलं. आणि तेच सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिलं.

कारण किटल्यांच्या मालकीणबाई, खोरशेदबाई, दुसऱ्या दिवशी मुंबईहून परत यायच्या होत्या. नाक्यावरच्या केमिस्टकडं त्यांचा फोन आला होता आणि त्यानं आदल्या संध्याकाळी निरोप आणून पोचवला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलं झालं, आता स्वच्छ दिसतंय, असंही त्यांनी मुद्दाम कळवलं होतं. मला तेव्हा आनंद झाला होता. आता कपाटासमोर उभं राहून वाटलं, महिनाभर उशिरा स्वच्छ दिसलं असतं तरी काय बिघडलं असतं.

हे पाचगणीतलं. मी तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचो. पगार बेताचा आणि धीर त्याहून बेताचा. माझी बायको मालन तेव्हा सातव्या महिन्यात होती. त्याआधी दोनदा आमचं हातातोंडाशी आलेलं गेलं होतं. दुसऱ्या खेपेला तर ती माहेरी निघाली असताना पसरणीच्या घाटातच, एसटीत दुखायला लागलं होतं. या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की हिला गाडीत बसवायचं नाही, घाटाचं तर नावच काढायचं नाही, दवाखान्याच्या जवळ राहा. आणि नेमकी त्याच वेळी आमच्या खोलीच्या मालकाला सीझनसाठी खोली हवी झाली. उन्हाळ्यात पाचगणीत रिकामी खोली मिळणं आमच्यासारख्यांच्या नशिबी नसतं. खाली वाईला जायचं, म्हणजे घाट उतरायचा.

अशा वेळी खोरशेदबाईंनी आपल्या बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. दवाखाना हाकेच्या अंतरावर. भाडं काही नाही. मी मुंबईला जाते, तोवर माझ्या किटल्या सांभाळ, एवढीच अट. माझ्या आधी एक जोडपं त्या खोल्यांत राहायचं. एका किटलीच्या तोटीचा टवका उडाला, तो बाईंना जेवायच्या वेळी कळला आणि चहाच्या वेळेपर्यंत त्या जोडप्याची ट्रंक फाटकाबाहेर होती. ती ट्रंक मी रस्त्यानं जाताना माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळं त्या रविवारी मला झाकण दिसत नव्हतं आणि फाटकाबाहेरची ट्रंक मात्र स्पष्ट दिसत होती. तिच्यावर मालन पोट सांभाळत बसलेली दिसत होती.

किटल्या बाईंच्या यजमानांनी, रुस्तमजींनी जमवल्या होत्या. साहेब लोक देश सोडून गेले तेव्हा डोंगरावरच्या बंगल्यांमधल्या सामानाचे लिलाव झाले. लोकांनी चांदी घेतली, घड्याळं घेतली, रुस्तमजींनी किटल्या उचलल्या. नाजूक चिनीमातीच्या नव्हेत, दगडासारख्या कडक भाजलेल्या मातीच्या. मुंबईला जाण्याआधी बाईंनी मला एकेक हातात देऊन दाखवली होती. त्यांना तेव्हा जवळजवळ दिसतच नव्हतं, पण बोट फिरवलं की कुठली ते सांगायच्या. पांढरीचं अंग संत्र्याच्या सालीसारखं बारीक खडबडीत होतं. भट्टी ऐन तापली की वरून मीठ टाकायचे, त्या मिठाची वाफ मातीला बसायची आणि तीच झिलई. तिची तोटी आणि कान छाटलेल्या फांदीसारखे गाठीगाठींचे, आणि पोटावर गुलाबी फुलं रंगवलेली. तांबडीला झिलईच नव्हती. चिनी किटल्यांची ती नक्कल, साच्यातून काढलेली मातीची फुलं एकेक करून तिच्या अंगावर चिकटवलेली. निळीवर पांढऱ्या बायका झुळझुळीत वस्त्रं नेसून नाचत होत्या. एक पिवळट होती, ती उसाची कांडी बांधून केल्यासारखी. मी चित्रकलेचा मास्तर, मला ते सगळं पाहून आनंदानं भरून आलं होतं.

आणि काळी. तिला रंग नाही, फुलं नाहीत. लेथवर कातून काढलेल्या नुसत्या उभ्या रेघा. झाकणावर एक बाई बसलेली, बोटभर उंचीची. डोक्यावरून पदर घेतल्यासारखं वस्त्र, मान खाली, आणि उजवा हात कोपरापासून तुटलेला. काळ्या किटलीतून चहा ओतताना मडमांचा हात जास्त गोरा दिसायचा, म्हणून त्या काळात हिची मोठी फॅशन होती, असं बाई हसत म्हणाल्या. मग त्या झाकणावर अंगठा फिरवत म्हणाल्या, "नी ही वर बसली ना मास्तर, ही विधवा हाय. सगळा जग तिला विधवाच म्हणते."

त्या वेळी माझी आईही दारात उभी होती. ती आमच्या मदतीला वाईहून आली होती. आई कासाराची बायको, भांडं दिसलं की टिचकी मारून नाद ऐकल्याशिवाय तिला राहवत नसे. पांढऱ्या किटलीला तिनं टिचकी मारलीही होती आणि बाईंनी ती मारू दिली होती, हे मला नवल वाटलं होतं. काळीजवळ मात्र तिनं पुढं केलेला हात आखडला आणि ती मागं सरली. बाईंना आवडणार नाही म्हणून सरली असेल, असं मी धरून चाललो.

तर त्या रविवारी मी झाकण शोधत घरभर फिरलो. मालनला कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तिला कसलाही धक्का बसता कामा नये अशी ताकीद होती. पण मी खाटेखाली डोकं घातलं तेव्हा खाटेवरून तिनं शांतपणे विचारलं, "अहो, काय हरवलंय?" मी म्हटलं, पेन्सिल. ती म्हणाली, पेन्सिल तुमच्या कानावर आहे. मग सांगावंच लागलं. ती माझ्यासारखी घाबरली नाही. म्हणाली, आत्यांना विचारा. सासूला ती आत्या म्हणायची.

आई मागच्या अंगणात आपलं गाठोडं बांधत होती. मला वाटलं धुणं बांधतेय. मी झाकणाचं विचारलं. तिनं गाठ मारता मारता, वर न बघता सांगितलं, "मी काढलं."

"काढलं म्हणजे? कुठं आहे?"

"परवा वाईला गेलते, तवा किस्नेत सोडलं. हात मोडल्याला व्हता तिचा. खंडित मूर्ती घरात ठिवत्यात व्हय, मनू? ते बी पोटुशी बाई असताना?"

आमच्याकडं तुटकी मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, पाण्यात सोडतात, हे मलाही ठाऊक होतं. लहानपणी मी स्वतः मोडक्या पायाचा मारुती घाटावर नेऊन सोडला होता. पण ती देवाची मूर्ती नव्हती, चहाच्या किटलीचं झाकण होतं. हे मी तिला सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाई रागावल्या तर माझं नाव सांग, नाहीतरी मी आज वाईला चाललेय.

हे दुसरं संकट. दोन दिवसांवर मालनच्या हातात हिरव्या बांगड्या भरायच्या, तिचं डोहाळजेवण करायचं असं ठरलं होतं. त्यासाठी परवा आईच वाईला जाऊन आमच्या चुलतभावाच्या दुकानातून बांगड्या घेऊन आली होती. आणि आता तीच निघाली होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, मालनची आई येईल बाळंतपणाला, मी कशाला. सातव्या महिन्यात, खाटेवरून उठायची बंदी असलेल्या सुनेला टाकून ती निघाली होती आणि जाता जाता आमच्या डोक्यावरचं छप्परही काढून नेलं होतं. मी फार संतापलो. पण संतापून झाकण परत येणार नव्हतं. चैत्र चालू होता, कृष्णेला पाणी घोट्याएवढं असणार. म्हटलं, चल, कुठं सोडलंस ती जागा मला दाखव.

शेजारच्या बाईंना मालनजवळ बसवून आम्ही दुपारच्या एसटीनं निघालो. घाटात गाडी प्रत्येक वळणाला कलत होती आणि माझा जीव त्या वळणांवर मालनला पाहत होता. शेवटी मी आईला ते सांगून टाकलं. आधीच्या जोडप्याची ट्रंक कशी बाहेर गेली, बाई उद्या येणार, झाकण नाही दिसलं तर आमची ट्रंक जाणार, आणि मग मालनला याच रस्त्यानं, याच वळणांवरून खाली आणावं लागणार. आईला यातलं काही माहीत नव्हतं. बाईंनी दयेनं जागा दिलीय एवढंच तिला ठाऊक होतं. मांडीवरचं गाठोडं तिनं दोन्ही हातांनी कवटाळलं आणि गाडी वाईत शिरेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

घाटावर ऊन होतं. धुणंवाल्या बायका गेल्या होत्या. आई मधल्या पायरीवर बसली आणि तिनं हातानं पुढं कुठंतरी दाखवलं. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरलो. पाणी थोडं, पण खाली गाळ. वाकून दोन्ही हातांनी तळ चाचपायला लागलो. हाताला काय काय लागलं. नारळाची करवंटी, मातीच्या पणत्या, कुणाचा तरी तांब्याचा ताईत. एकदा गुळगुळीत, काळं, बोटभर उंचीचं काहीतरी लागलं. वर काढलं तर मान तुटलेला बाळकृष्ण होता. मी त्याला हळूच परत ठेवला. मागं वळून आईला ओरडून विचारलं, नक्की इथंच ना? ती मान हलवेना. मी आणखी पुढं गेलो. शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकला, मी एका खड्ड्यात कमरेपर्यंत बुडालो आणि उठताना पायाला काच लागली. पाण्यात रक्ताची रेघ गेली. आणि त्या क्षणी मला रडू आलं. लाज वाटायचं वय होतं, पण आलं. मालनची दोन्ही वेळची तोंडं आठवली. घाटात गाडी थांबवून तिला रस्त्याच्या कडेला आडवी केली होती, ते आठवलं. तेव्हाही मी असाच, पावसात भिजलेल्या कपड्यांनी, नुसता उभा होतो.

"मनू, वर ये," आई म्हणाली. "तितं न्हाई ती."

मी वर आलो. आईनं गाठोडं सोडलं. तिच्या जुन्या लुगड्याच्या घडीत, दोन पदर आत, ते झाकण होतं. जसंच्या तसं. झाकणावरची बाई मान खाली घालून बसली होती.

मी झाकण हातात घेतलं. राग यायला हवा होता, पण इतकं हायसं वाटलं की रागाला जागाच राहिली नाही. मी फक्त विचारलं, का?

"सोडायलाच आणली व्हती परवा," आई म्हणाली. "हितंच बसले व्हते. सोडवंना. बाईमाणूस हाय, मनू. गप आपली बसून ऱ्हायलीया. तिला कसं बुडवू? म्हनलं, माझ्याबरूबर ऱ्हाईल वाईत."

"पण हात मोडलाय म्हणून एवढं..."

"हात कुटला रं," ती म्हणाली. बोलताना ती माझ्याकडं बघत नव्हती. "बाई बोलल्या न्हवं का, ती इधवा हाय म्हनून. दोनी येळंला मी व्हते तुमच्या घरात. दोनी येळंला गेलं. ह्या येळंला तर एक सोडून दोन झाल्या. एक ती कपाटात बसल्याली आन एक मी चुलीपाशी. म्हनलं, दोघींनी बी निघावं."

माझे वडील गेले ते आमचं लग्न झाल्यावर वर्षभरात. वाईत आमचं दुकान होतं, एका बाजूला पितळेची भांडी, दुसऱ्या बाजूला बांगड्या. बांगड्या आई भरायची. अवघडलेल्या, सुजलेल्या, भाजलेल्या हातातसुद्धा ओरखडा न काढता बांगडी चढवायची, म्हणून लांबलांबच्या गावच्या बायका तिच्याकडं यायच्या. वडील गेले आणि तिनं बांगडीला हात लावणं सोडलं. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं. तिनंच हात आवरला, आणि आम्ही कुणी तिला भर म्हणूनही म्हटलं नाही. ती आमच्याकडं येऊन भांडी घासायची, पाणी भरायची, आणि प्रत्येक वेळी मालनच्या पोटाकडं चोरून बघत असणार. हे सगळं त्या पायरीवर बसल्यावर माझ्या ध्यानात आलं. मी तिला म्हटलं, मला झाकण एकटं न्यायचं नाही, तू चल. ती नको म्हणाली. मी म्हटलं, मग मीही इथंच बसतो, बाईंनी मालनला बाहेर काढलं तर काढलं. तेव्हा ती उठली.

संध्याकाळच्या गाडीनं वर आलो. झाकण माझ्या शर्टाच्या आत, पोटाशी. उद्या सकाळी बाई यायच्या आत ते किटलीवर बसवायचं, कुणाला काही कळणार नाही, असं मी घाटभर मनाशी घोकत होतो. फाटकाशी आलो तर पोर्चमध्ये टॅक्सी उभी होती. ड्रायव्हर टपावरून बाईंची बॅग उतरवत होता.

बाई एक दिवस आधीच आल्या होत्या.

दिवाणखान्यात दिवे लागले होते. बाई कपाटासमोरच्या खुर्चीत, अंगावर प्रवासाचाच कोट, डोळ्यांवर नवा जाड चष्मा. मांडीवर काळी किटली, उघड्या तोंडाची. दाराच्या चौकटीला धरून मालन उभी होती, जिला उभं राहायची बंदी होती ती. तिच्या ओठांना रंग नव्हता. मी आधी तिच्याकडं गेलो, तर तिनं नजरेनंच, आधी तिकडं बघा, असं सांगितलं.

"झाकण कुठे हाय, मास्तर?" बाईंनी विचारलं. आवाज मोठा नव्हता.

मी शर्टातून झाकण काढलं. तोंडात खोटं तयारच होतं. ब्रश करताना सैल वाटलं, म्हणून दुरुस्त करायला वाईला नेलं होतं, असं काहीतरी मी सुरू केलं. दुरुस्त करायचं होतं तर हात अजून तुटकाच कसा, एवढा विचारही मी केला नव्हता. बाई माझ्याकडं रोखून बघत होत्या. त्यांना आता खरंच स्वच्छ दिसत होतं.

"त्यो खोटं बोलतोय, बाई," माझ्या मागून आई म्हणाली. गाठोडं दाराशी ठेवून ती पुढं आली. "मी नेलं झाकण. त्याला ठावं न्हवतं. काय बोलायचं ते मला बोला. ह्या पोरीला घाट उतराया लावू नका."

आणि मग तिनं सगळं सांगितलं, घाटावर मला सांगितलं तसंच. दोन विधवांचं, दोन्ही वेळांचं, पाण्यात सोडवेना त्याचं. मालन ऐकत होती. तिला हे पहिल्यांदाच कळत होतं. बोलून झाल्यावर आई हात जोडून उभी राहिली. मी मनातल्या मनात ट्रंकेत काय काय बसेल ते मोजायला लागलो होतो.

बाईंनी झाकण मागितलं. तुटक्या हातावरून अंगठा फिरवला. मग किटलीवर बसवलं. दगडावर दगड बसल्याचा बारीक आवाज झाला.

"हा हात मीच तोडला," त्या म्हणाल्या. "लग्नाच्या पहिल्या वरसाला. रुस्तमला त्याच टायमाला जाऊन सांगितला. तो हसला. माझ्या घरात तुटलेला चालते, मास्तर, लपवलेला नाय चालत. त्या दोघांनी टवका पिठाच्या खळीनं चिकटवून ठेवला होता. म्हणून काढला त्यांना. तू पण आता तेच करत होता." मी मान खाली घातली. मग त्या आईकडं वळल्या. "नी सरूबाई, रुस्तम जाऊन इतका वरस झाला, मी कोण मग? मला पण नदीत सोडून येते?"

आई म्हणाली, "तुमची गोष्ट येगळी, बाई." बाईंनी विचारलं, काय वेगळी?

मग बाईंनी झाकणावरच्या बाईची गोष्ट सांगितली. त्यांना ती शाळेतल्या मडमांनी सांगितली होती. कुठल्या तरी देशात दुष्काळ पडला होता. एका विधवेच्या घरी मूठभर पीठ आणि चार थेंब तेल उरलं होतं. दारात एक साधुपुरुष आला. तिनं तेवढ्याची भाकर करून त्याला घातली. तेव्हापासून तिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही आणि बुधल्यातलं तेल आटलं नाही. तिचं पोर श्वास थांबून पडलं होतं, तेसुद्धा उठून बसलं. "म्हणून तिला झाकणवर बसवतात," बाई म्हणाल्या. "भांडा रिकामा होऊ नाय म्हणून. अशी बाई घरात पायजे, सरूबाई. ती घालवायची नसते."

पुढं बऱ्याच वर्षांनी मला एका जाणकारानं सांगितलं, की झाकणावरची ती बाई कोण याबद्दल लोकांचं एकमत नाही, काही जण तिला भविष्य सांगणारी म्हणतात. तेव्हा तो तिथं नव्हता ते फार बरं झालं.

आई पदर तोंडाला लावून उभी होती. मालन हळूहळू चालत खोलीत गेली आणि बांगड्यांचं पुडकं घेऊन आली. ती गालिच्यावर बसली आणि तिनं आईपुढं हात केला. "आत्या, भरा. दुसऱ्या कुणाकडून मी भरून घेणार नाही," ती म्हणाली.

आईनं मान हलवली. परवा भरू, भावकीतली कुणी येईल, सवय राहिली नाही, असं ती काहीबाही बोलत राहिली. मालननं हात मागं घेतला नाही. बाईंनी खुर्ची पुढं ओढली आणि म्हणाल्या, आताच भर, नवा डोळा आलाय तर मला बघू दे. शेवटी आई खाली बसली. तिनं मालनचा हात मांडीवर घेतला. दिवस गेल्यानं मालनचे हात सुजले होते. आईनं तिचा तळवा दाबून दाबून मऊ केला, अंगठा आत मुडपला आणि पहिली बांगडी बोटांवरून लोटली. ती अडली, फिरली आणि मनगटावर उतरली. दुसरी उतरली. आईच्या कपाळावर घाम आला होता. एखादी बांगडी आता तडकली तर ती उठेल, गाठोडं उचलेल आणि परत कधी या घरात यायची नाही, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. डावा हात पुरा झाला. उजव्यातही एकेक करून चढत गेल्या. शेवटची राहिली.

ती अंगठ्याच्या सांध्याशी अडकली. आईनं फिरवली, दाबली, आणि काच कट्कन मोडली.

मालनच्या हातावर रक्ताचा ठिपका उभा राहिला. आईनं तुकडे गोळा केले, मुठीत घेतले आणि ती उठायला लागली. तिचा चेहरा मला बघवेना.

मालननं तिचं मनगट धरलं. "पुडक्यात एक जास्तीची आहे ना?" तिनं विचारलं.

आईनं मनगट सोडवून घ्यायला पाहिलं.

"दुकानात तुम्ही कायम एक जास्तीची बांधून द्यायचात," मालन म्हणाली. "माझ्या लग्नात मी विचारलं होतं, कशाला म्हणून. तुम्ही म्हणाला होतात, काच आहे, भरताना मोडायचीच, तेवढ्यासाठी कुणी हात रिकामा ठेवतं का. भरा आत्या."

दोन वेळचं सगळं तिच्या आवाजात होतं. तिनं हात परत आईच्या मांडीवर ठेवला.

आई खाली बसली. पुडक्याच्या तळातून तिनं ती जास्तीची बांगडी काढली, पदरानं पुसली, मालनचा तळवा पुन्हा पहिल्यापासून मळला. खूप वेळ मळला. मग डोळे मिटले आणि बांगडी लोटली. ती सांध्यावरून गेली आणि बाकीच्या बांगड्यांना जाऊन लागली तेव्हा तिचा आवाज झाला.

कासाराकडून बांगड्या भरल्या की त्याला नमस्कार करायची आमच्याकडं रीत आहे. मालनला वाकता येत नव्हतं, म्हणून तिनं बसल्या जागेवरूनच आईच्या पावलाला हात लावला. आईनं तिला जवळ घेतलं आणि मोठ्यानं रडली. बाईंनी मला, बघत काय बसलास, चहा टाक, असं सांगितलं, आणि तो काळ्या किटलीतून मालनच्या हातानंच ओतायला लावला. दोन्ही हातांतल्या हिरव्या बांगड्या त्या काळ्या अंगावर खरोखर फार सुंदर दिसल्या.

आईचं गाठोडं दाराशीच पडलं होतं. ते मी आत नेऊन सोडलं. नात सव्वा महिन्याची होईपर्यंत ते पुन्हा बांधलं गेलं नाही.